पोचल्याचा फोन

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याचा पोचल्याचा फोन येईपर्यंत आमच्याकडं घर झाडत नाहीत. मी जर्मनीत विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचले आणि बॅग खाली ठेवायच्या आधी करमाडला आईला फोन केला, "आई, तुझी दीपमाला पोचली." त्याला आता दोन महिने झाले.

दुपारचा तास संपला की मी रोज व्हिडिओ कॉल लावते. तिकडं चहाची वेळ असते. आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. तिच्यामागं बैठकीची फरशी दिसते, धुळीनं भरलेली.

"आई, घर झाडलं नाहीस?"

"झाडू की."

सोमवारी त्या धुळीत अनवाणी पावलांचे ठसे दिसले. माझ्या खोलीतून दाराकडं निघालेले, चार. मंगळवारी पाच झाले.

बुधवारी पप्पांना विचारलं. त्यांनी स्क्रीनवरची नजर काढली. "राहू द्या," म्हणाले. पप्पांनी मला आयुष्यात कधी अहो-जाहो केलेलं नाही.

आज आठवा ठसा उंबऱ्याला लागला होता. डाव्या पायाचा. त्याची करंगळी माझ्यासारखीच आत वळलेली.

"आई, मी पोचलेय गं. दोन महिने झाले. झाड आता घर."

आईनं फोन उचलून तोंडाजवळ धरला. एकदा दाराकडं बघितलं आणि आवाज बारीक केला.

"बाई, तुमी रोज फोन करता, लई बरं वाटतं. पण आमची दीपमाला आता निघालीय. ती तिथं पोचल्यावर तुमी कुठं जाणार?"