मध्यंतराचा बँड

फुटबॉल सामन्याच्या मध्यंतराची शिट्टी झाली आणि अख्खं स्टेडियम हॉटडॉगच्या गाड्यांकडे निघालं. बँडमास्तर ओडेलने तरीही आपला बँड मैदानात उतरवला.

अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या त्याच्या कॉलेजात मध्यंतराला कुणी जागचं हलत नसे; सामन्याला लोक यायचेच मुळी बँडसाठी. कॉलेजने जुनी लीग सोडून गोऱ्यांच्या बड्या लीगमध्ये जायचं ठरवलं, तेव्हा म्हणूनच तो त्याविरुद्ध कडाडून भांडला होता. आज तिथला पहिलाच सामना.

"सर, लोकांच्या पाठींना काय ऐकवायचं?" ढोलवाली पुटपुटली.

"वळेपर्यंत वाजवायचं!"

दोनशे वाद्यं एकदम दणाणली. जिन्यात एक आजोबा थबकले, वळले, पायरीवरच बसले. मागची गर्दी खोळंबली आणि टाळ्यांचा ठेका धरू लागली.

सामना ते हरले. परतीच्या बसपाशी हॉटडॉगवाला तणतणत आला.

"पुढच्या वेळी आधी कळवा हो! मध्यंतराला माझा एकही हॉटडॉग खपला नाही."