मशीनचं टेबल

निवृत्त होताच रघुवीररावांनी बायकोच्या शिलाई मशीनसाठी टेबल करायला घेतलं. शालनताईंनी सारा संसार जमिनीवर बसून घरादाराचे कपडे शिवले होते. आता त्यांना खुर्चीत बसून आरामात शिवता यावं, म्हणून हा खटाटोप.

मशीनची खाच दोनदा चुकली, अंगठा सोलला, पण शेवटी मशीन आत चपखल बसलं. वर फळी सरकवली की नुसतं गुळगुळीत टेबल.

“म्हणजे मशीन दिसणारच नाही?” शालनताईंनी विचारलं.

“मुळीच नाही!”

शालनताईंनी स्वतः फळी सरकवली, तिच्यावरून हात फिरवला आणि डोळे टिपले. रघुवीररावांना कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटलं.

“अहो, मला शिवणाचा पहिल्यापासून कंटाळा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या आईंनी हौसेनं मशीन आणलं, म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. आज तुम्ही सोडवलंत.”

पुढच्याच आठवड्यात रघुवीररावांचा पायजमा उसवला. शालनताई टेबलावर पत्ते लावत बसल्या होत्या. पायजमा घेऊन ते शिंप्याकडे निघाले.

“जाताच आहात,” पत्त्यांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “तर माझे ब्लाउजही टाकून या.”