डोळे राहिलेली परी

एल्फीनं लाकडी परीला हिरव्या रंगाचा झगा चढवला आणि ती हळूच फडक्याखाली सरकवली. सासूनं, हुल्डानं, ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. म्हातारीला ते छान जमायचं.

सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. कातारी लाकडाच्या बाहुल्या कातून टोपल्यांनी धाडायचा, त्या गावच्या बायका रंगवायच्या. या घरात झगे, पंख आणि मुकुट एल्फीकडे. डोळे मात्र हुल्डाचे. काडीचं टोक काळ्या रंगात बुडवून ती दोन ठिपके द्यायची, की इतका वेळ फळीवर झोपलेली बाहुली जागी होऊन बघायला लागे.

विकायच्या परीचा झगा पांढरा असतो. हिरवा झगा म्हणजे ही विकायची नव्हती, कुणाच्या तरी खिडकीसाठी होती. आणि कुणाच्या, हा विचार हुल्डाच्या डोक्यातून जाईना.

नाताळ जवळ आला की त्या डोंगरातल्या घराघराच्या खिडकीत हातात मेणबत्त्या घेतलेल्या बाहुल्या उभ्या राहायच्या. प्रत्येक मुलामागे एक खाणकामगार, प्रत्येक मुलीमागे एक परी. रस्त्यानं जाणारा बाहेरूनच घरातली पोरं मोजून घेई. हुल्डाच्या खिडकीत एकच खाणकामगार असे, तिच्या मुलाचा, आरनोचा. आरनो छातीच्या दुखण्यानं गेला, तरी ती तो लावायची. मेलेल्याचा लावू नये, असं तिला तोंडावर सांगायची गावात कुणाची बिशाद नव्हती.

दुपारी एल्फी पंख चिकटवायचा सरस आणायला बाहेर पडली, तशी शेजारची बेर्टा आत आली. ती नेमकी अशाच वेळी यायची.

"काय गं हुल्डा, सून आहे की उडाली?"

"कुठं उडतेय? सरस संपला, आणायला गेलीय."

"जंगलातल्या हार्टविगकडं सरस मिळतो वाटतं आता! रविवारी अख्ख्या चर्चनं पाहिलंय. त्याच्या पोरीचा हात धरून चालली होती."

"पोर घसरत असेल बर्फात."

"पोर नाही, बाप घसरलाय. बायको जाऊन किती दिवस झाले त्याची! आणि तुझ्या एल्फीचं तरी वय काय? जन्मभर तुझ्या काड्या धूत बसेल?"

"मी काय दावणीला बांधलंय तिला?"

"तसं नाही गं." बेर्टाचा आवाज जरा खाली आला. "तुझ्यासाठीच जीव तुटतो. पोटची मुलगी लग्न होऊन गेली तरी सणावाराला माहेरी येते. सून गेली की गेली. तिचं इथं कोण?"

"कॉफी पी. निवतेय."

बेर्टा गेल्यावर हुल्डानं फडकं उचललं. परीचं सगळं झालं होतं, फक्त डोळे राहिले होते. आता तिला उलगडलं. हार्टविगची बायको गेल्यापासून त्याच्या खिडकीत काही लागलं नव्हतं. ही परी त्याच्या पोरीची. एल्फी रिकाम्या हातानं जाणार नव्हती.

हुल्डानं चुलीचं दार उघडलं. सुकं लाकूड, क्षणात पेटलं असतं. तिला एल्फी हवी होती. सकाळी चूल पेटवताना गुणगुणणारी, आरनोच्या मागं या घरात राहिलेला एकमेव माणूस. काकाच्या घरात वाढलेली ही पोर लग्न करून आली, तेव्हा पोटभर जेवायलासुद्धा लाजायची. काकाच्या खिडकीत त्याच्या तीन मुलींच्या तीन पऱ्या लागायच्या, माझी नसायची, असं तिनं एकदा हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा हुल्डाला हसू आलं नव्हतं.

बर्फाचा पांढरा उजेड खोलीभर पसरला होता. फळीवरच्या बाहुल्या झोपेत श्वास घेतायत असं तिला वाटलं. तिनं चुलीचं दार लावलं, काडी रंगात बुडवली आणि परीला डोळे काढले. इतके सुरेख डोळे तिनं त्या वर्षी एकाही परीला काढले नव्हते.

मेणबत्त्या लावायचा पहिला रविवार आला. एल्फीनं दिवसभर घास खाल्ला नाही. अंधारून यायला लागलं तशी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"सासूबाई, परीचे डोळे तुम्ही काढलेत."

"मग काय आंधळी पाठवणार होतीस?"

"रागावला नाहीत?"

"रागावून काय करू? तुझं भलं होऊ दे. जाताना शाल घे, जंगलात गारठा असतो."

एल्फी काहीतरी बोलणार होती, पण तिनं तोंडावर हात दाबला.

"आज खिडकीत मेणबत्त्या मी लावते," कशीबशी ती म्हणाली. "तुम्ही इतक्यात येऊ नका."

हुल्डा बटाटे सोलत बसली. बटाटे नीट दिसत नव्हते. बाहेर घुंगरांची बर्फगाडी थांबली आणि दारावर थाप पडली. सुनेला न्यायला आला. डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही असं ठरवून तिनं हात पुसले आणि दार उघडलं.

हार्टविग ठेवणीतला कोट घालून, टोपी हातात धरून उभा होता. मागं त्याची पोर लपली होती. दारातल्या बर्फावर खिडकीचा उजेड पडला होता, दरवर्षीपेक्षा जास्त.

"ये," हुल्डा म्हणाली. "तिचं सामान बांधायचंय अजून."

"सामानाचं नंतर, काकू. आधी तुम्हाला विचारायचंय."

"मला कशाला विचारतोस? मी तिची कोण?"

हार्टविगनं खिडकीकडे पाहिलं आणि पाठ करून आल्यासारखा बोलला, "खाणकामगाराशेजारी परी लागलीय, म्हणजे या घरात एक मुलगी आहे. तिच्या आईकडे तिला मागणी घालायला आलोय."