जिलानीचाचांचा भोंगा

मयतीचा निरोप असो की नळाला पाणी सुटण्याची वेळ, उमरी गावाला सारे काही गेली तीस वर्षे जिलानीचाचांच्या रिक्षावरच्या भोंग्यातूनच कळत आले होते. लातूरहून सामुदायिक रेडिओ उभारायला आलेल्या रुद्रेशने हे सारे निरोप रेडिओवरून फुकट द्यायचे ठरवले, आणि त्या दिवसापासून चाचांनी त्याचा नमस्कार घेणे सोडले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मात्र त्यालाच त्यांच्या दारात उभे राहावे लागले.

"चाचा, उद्या दहाला रेडिओ सुरू होतोय. गावाला सांगाल?"

"लई मोठा रेडिओ हाय म्हनं तुमचा," चाचा रिक्षाची काच पुसत म्हणाले. "मग त्याच्यावरूनच सांगा की."

"अजून तो कुणी ऐकत नाही," रुद्रेश खाली मान घालून पुटपुटला.

चाचांनी त्याच्याकडे न पाहताच रिक्षा सुरू केली. ऊन कलताना भोंगा रेडिओ केंद्रासमोरच्या गल्लीत शिरला, तेव्हा रुद्रेश खिडकीशी येऊन उभा राहिला. चाचांचा आवाज मयतीच्या निरोपाला असायचा तसाच होता, संथ आणि खोल.

"गावकऱ्यांना कळवण्यात येते, की शेख जिलानी भोंगेवाले यांचा इंतकाल झाला आहे. जनाजा उद्या सकाळी दहा वाजता रेडिओ केंद्राच्या दारातून निघेल. सर्वांनी हजर राहावे."