दुहेरी शिवण

पडद्यावर वारा पडला होता आणि गलबत भर समुद्रात जागच्या जागी उभं होतं. मागून शत्रूची तीन जहाजं वल्ही मारत जवळ येत होती. गलबताच्या पोटात धान्याची पोती होती, आणि ती ज्या किल्ल्यात पोचवायची तिथली माणसं चार दिवसांची उपाशी होती. दुपारच्या खेळाला थिएटर भरलेलं, पण कुणी साधं खोकतही नव्हतं.

आठव्या रांगेतली तंबूवाली मात्र शत्रूच्या जहाजांकडे बघतच नव्हती. तिची नजर डोलकाठीवरून लोंबणाऱ्या शिडावर खिळली होती.

ते शीड तिनं शिवलेलं होतं. निदान तिला तशी आशा होती. जन्मभर तंबू आणि ट्रकांवरच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या या बाईकडे सिनेमावाले एक चित्र घेऊन आले होते. जुन्या काळचं शीड हवं, म्हणाले, आणि हातानंच शिवलेलं हवं. मग पाच आठवडे ती कारखान्याच्या फरशीवर मांडी ठोकून बसली. तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची आणि मेण लावलेला दोरा ओढत राहायचं. कापड बेतून द्यायला नवरा होता. "एकेरी शिवण पुरे गं," तो रोज म्हणायचा. "दुहेरी घालून उगाच जड करतेस." ती ऐकून घ्यायची आणि दुहेरीच घालायची. शीड न्यायला आला तो सिनेमातला जहाजांचा जाणकार. त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "हातची शिवण वाऱ्यापुढे टिकायची नाही. मशीनवर शिवलेलं दुसरं शीड सोबत नेतोय." पुढे त्या दोनांतलं कुठलं चढवलं, हे कुणी कळवलंच नाही.

"आई, फार मनाला लावून घेऊ नका," शेजारून जावई हळूच म्हणाला. त्याचं सगळं काम कॉम्प्युटरवरचं. "हल्ली अख्खा समुद्र कॉम्प्युटरवर करतात. शीड म्हणजे काय, किरकोळ."

"समुद्र करू देत त्यांना," ती म्हणाली. "मला शीड बघू द्या."

दुसऱ्या बाजूला नवरा हाताची घडी घालून बसला होता. मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

शीड चुण्या पडून लोंबत होतं. शिवण काही दिसेना. शत्रूची जहाजं इतकी जवळ आली, की त्यांच्यावरच्या माणसांचे चेहरे ओळखू येऊ लागले. गलबतावरच्या कप्तानानं मान वर केली. त्याच्या कपाळावरचे केस जरासे हलले. मग दूर पाण्यावर एक काळसर रेघ उमटली आणि पळत पळत गलबताकडे आली.

"दोर ताणा," कप्तान म्हणाला.

धाड्‌दिशी शीड फुगलं. सगळा पडदा त्यानं भरून गेला, आणि कापडाच्या प्रत्येक जोडावर वरपासून खालपर्यंत शिवणीच्या दोन दोन ओळी दिसल्या. मशीनची शिवण असती तर एका मापाची, एका ओळीची दिसली असती. या ओळींत कुठे टाका लांब होता, कुठे आखूड.

"माझंच आहे," ती म्हणाली. एवढ्या हळू, की जावयालासुद्धा ऐकू गेलं नाही.

वारा वाढतच गेला. समोर दोन काळे खडक आले, मधे गलबताएवढीच फट. डोलकाठी वाकली. एक दोर तुटून चाबकासारखा फिरला. सुकाणू धरलेला म्हातारा ओरडला, की शीड उतरवा, नाहीतर फाटेल. कप्तान म्हणाला, "राहू दे. आता उतरवलं तर खडकावर जाऊ."

तंबूवालीनं जावयाचं मनगट घट्ट धरलं. शिवण, दोरा, टाके, सगळं तिच्या डोक्यातून केव्हाच निघून गेलं होतं. ती आता त्या गलबतावर होती. पाणी अंगावर येत होतं आणि किल्ल्यातली माणसं उपाशी होती. दोन्ही बाजूंनी खडक सरकत गेले, लाकूड घासल्याचा आवाज आला, आणि गलबत सुसाट पलीकडे निघालं. मागचं पहिलं जहाज खडकावर आपटलं. उरलेल्या दोन्ही जहाजांनी तोंडं फिरवली.

शिट्ट्या आणि टाळ्यांनी थिएटर दणाणून गेलं. त्या गोंधळात तिचा नवरा उठून उभा राहिला आणि मागच्या रांगांकडे वळला.

"हे शीड हिनं शिवलंय," तो म्हणाला. आवाज चढवायची सवय नसल्यानं तो चिरका निघाला. "माझ्या बायकोनं. हातानं शिवलंय. मी एकेरी घाल म्हणत होतो. हिनं ऐकलं नाही."

माना वळल्या. "काका, खाली बसा, दिसत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "राहू दे हो, उभे राहू दे त्यांना," म्हणत एका बाईनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग तिच्या शेजारचे, मग त्यांच्या मागचे. जावईही मनगट सोडवून घेऊन टाळ्या वाजवू लागला. नवऱ्याला आता पुढे काय करायचं ते कळेना. पडद्याच्या उजेडात तो नुसता उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, मान ताठ करून.

तंबूवालीनं पडद्यावरची नजर न काढता त्याच्या शर्टाचं टोक ओढलं.

"खाली बसा हो," ती म्हणाली. "गलबत अजून किल्ल्याला लागायचंय."