बारीक चाळणी

"निबंध छापायला सर बरे होईपर्यंत थांब," विभागप्रमुख म्हणाले होते. त्यांना म्हणायचं होतं, सर जाईपर्यंत थांब. ते तिला कळलं, म्हणूनच रविवारी सकाळी मायक्रोस्कोपची जड पेटी उचलून ती सरांच्या दारात उभी राहिली.

समुद्राच्या तळाचा चिखल वाचायला तिला सरांनीच शिकवलं होतं. नद्या जमिनीवरचे परागकण समुद्रात नेतात, तिथे ते थरावर थर गाडले जातात. थर उकलला की त्या काळी किनाऱ्यावर काय उगवत होतं ते कळतं. अशाच थरांवरून चाळीस वर्षांपूर्वी सरांनी छातीठोकपणे लिहिलं होतं, आठ हजार वर्षांमागे इथे नुसतं गवत होतं. पुढे सगळे त्याच वाटेने गेले. तीही.

"लवकर आटप हं," दार उघडताना काकू म्हणाल्या. "त्यांना त्रास द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय."

सर खिडकीपाशी शाल पांघरून बसले होते. तिने त्यांच्यापुढे मायक्रोस्कोप मांडला, काचपट्टी सरकवली. काय बोलायचं ते सगळं पाठ करून आली होती, पण ऐनवेळी एवढंच निघालं, "सर, नुसतं गवत नव्हतं. झाडं होती. दाट. तीनदा मोजलंय."

सरांनी चष्मा काढून डोळा लावला. बोट चाकावर हळूहळू फिरत होतं.

"चाळणी कुठली वापरलीस?"

"नवीन. बारीक. तुमच्या वेळच्या चाळणीतून हे कण..."

"पाण्याबरोबर निघून गेले." सरांनी मान वर केली. "म्हणजे अख्खं जंगल मी मोरीत ओतलं की गं!"

आणि ते हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. काकू हातातलं काम टाकून धावत आल्या. "काय झालं?"

"अगं, मी चुकलो होतो!" नातू झाल्याची बातमी द्यावी तसं सरांनी सांगितलं.

"ते मी लग्नापासून सांगतेय."

सरांना ते ऐकूच गेलं नाही. ते पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकले होते आणि ओठांतल्या ओठांत झाडं मोजत होते.