तट्ट्याला परवाना लागत नाही
इंद्रभानने ओसरीला भिंत घालायचा अर्ज म्युनिसिपालटीत दिला, त्याला नऊ वर्षं झाली. परवाना येईपर्यंत त्याने बांबूचा तट्टा उभा केला, कारण तट्ट्याला परवाना लागत नाही. त्याची बायको प्रयागबाई दर दिवाळीला तो शेणामातीने लिंपायची. यंदा त्याच आडोशाला लेकीची बाज टाकली होती. तिचे दिवस भरत आले होते. इन्स्पेक्टर आला आणि त्याने काठीने ठोकून पाहिलं. “ही तर भिंत आहे. आठ दिवसांत पाडा.” “तट्टाच हाये साहेब,” म्हणत इंद्रभानने विळ्याने लिंपण खरवडलं. आत मातीच निघत राहिली. तट्टा उधईने, वाळवीने, केव्हाच खाल्ला होता. उभी होती नऊ दिवाळ्यांची माती. इन्स्पेक्टर निघून गेला. “रिठदच्या बुरडाकून नवा तट्टा आना,” प्रयागबाई म्हणाली. “भिंतीले बाहेरून ठोकू. उधई खाईन तवरीक परवाना येईन.”